सामानाचं भाडं पण करारात लिहून घ्या

माननीय संपादक,

तुमच्या पेपरात रिडेव्हलपमेंटच्या बातम्या आणि जाहिराती रोज असतात, कुठल्या सोसायटीला किती टक्के जास्त जागा मिळाली, कॉर्पस म्हणजे बिल्डरची ठोक रक्कम किती, पार्किंग किती, सगळं मी वाचते कारण आमचीच बिल्डिंग पाडलीये. पण लोक तीन-तीन वर्षं बाहेर राहतात तेव्हा त्यांच्या घरातलं सामान कुठे राहतं आणि त्याचं भाडं कोण भरतं, हे मला आजवर कुठेच वाचायला मिळालं नाही. आमच्या सामानाचं आम्हीच भरतोय, गेले १४ महिने, म्हणून लिहायला बसले. पत्र लांबणार आहे, त्याबद्दल आधीच माफी मागते.

आमचं घर मुलुंड पूर्वेला, दोन खोल्या आणि किचन, ४२५ चौरस फूट कार्पेट. घरात आम्ही चौघं, मी, हे, मुलगा आणि ८१ वर्षांच्या सासूबाई. बाहेर राहायच्या भाड्यापोटी बिल्डर चौरस फुटाला ६५ रुपये देतो, म्हणजे महिन्याला २७,६२५. आता आमच्या एकाच गल्लीत तीन बिल्डिंगा एकदम खाली झाल्या, सगळ्यांना त्याच भागात घर हवं कारण कुणाची शाळा, कुणाचा डॉक्टर, सासूबाईंचं तर देऊळ आणि भाजीवाली सुद्धा ठरलेली, त्यामुळे भाडी दोन महिन्यांत कुठच्या कुठे गेली. २८,००० ला जे मिळालं ते ३६० फुटांचं आणि त्यात घरमालकाचा स्वतःचा पलंग, कपाट आणि डायनिंग टेबल आधीच ठेवलेलं, हलवायचं नाही अशी अट. म्हणजे माणसांची सोय झाली, सामानाची नाही.

पूर्वी लोक काय करायचे तर गावी पाठवायचे, नाहीतर नातेवाईकांच्या माळ्यावर. आमचं गावचं घर राजापूरकडे आहे पण ते बंद असतं, पावसात कौलं सरकतात, गेल्या पाच-सहा वर्षांत तिथे कोणी मुक्कामाला गेलेलं नाही, तिथे लाकडी सामान ठेवणं म्हणजे वाळवीला आमंत्रण. नणंदेने दोन ट्रंका ठेवून घेतल्या, तिचं पण वन बीएचके आहे, तिला तरी किती सांगायचं. मग मुलाने फोनवर गोडाऊनवाले शोधले. आता खूप झालेत असे, घरचं सामान महिन्याच्या भाड्यावर ठेवून घेणारे, येऊन पॅकिंग पण करतात. मी कंपनीचं नाव लिहीत नाही कारण मी तीन-चार ठिकाणी विचारलं, बोलायची पद्धत सगळीकडे साधारण तीच होती.

फोनवर विचारलं काय काय आहे. मुलाने यादी सांगितली, पलंग एक, लोखंडी कपाट एक, लाकडी कपाट एक, देव्हारा, शिलाई मशीन, फ्रीज, चार खुर्च्या, भांडी, पुस्तकं, गाद्या. ते म्हणाले ६ पॅलेट होतील, ६०० रुपये पॅलेट, महिना ३,६००. पॅलेट म्हणजे खाली लाकडी फळ्यांचा चौकोनी पाट असतो, चार फूट बाय चार फूट, त्यावर साधारण पाच फुटांपर्यंत सामान रचतात, प्लास्टिक गुंडाळतात आणि तो अख्खा गठ्ठा फोर्कलिफ्टने उचलून ठेवतात. आम्ही हिशोब केला, पगार-पेन्शन मिळून बसत होतं, हो म्हटलं.

सामान न्यायच्या दिवशी काय झालं ते नीट सांगते. त्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत बिल्डरच्या माणसाला चावी द्यायची होती. सकाळी नऊचा टेम्पो साडेअकराला आला. मुलं चांगली होती, भराभर पुठ्ठे, बबल रॅप, टेप, प्रत्येक नगावर नंबरचं स्टिकर. दुपारी तीनला सगळं खाली टेम्पोत चढलेलं, वर घर रिकामं, सासूबाई शेजारच्या बिल्डिंगमध्ये बसवलेल्या, आणि त्यांचा सुपरवायझर मोबाईल पुढे करून म्हणाला, मॅडम यादीपेक्षा सामान जास्त निघालं, साडेआठ पॅलेट होतंय, महिना ५,१०० अधिक जीएसटी, ओके दाबा म्हणजे गाडी निघेल. मी म्हटलं अहो फोनवर तर सहा सांगितले होते. तो म्हणाला ते अंदाज असतात मॅडम. आता तुम्ही सांगा, त्या वेळी मी काय करणार होते? सामान उतरवून ठेवू कुठे, घराला तर दोन तासांनी कुलूप लागणार होतं. मी ओके दाबलं. ५,१०० वर १८ टक्के जीएसटी ९१८, महिन्याला ६,०१८ रुपये. पॅकिंग आणि नेण्याचे वेगळे ११,५०० आणि त्यावर २,०७० जीएसटी. फोनवर बोलताना जीएसटीचा शब्द कोणी काढला नव्हता.

माझं पहिलं म्हणणं हेच आहे की भाव ठरवायची ती वेळ नव्हे. सामान गाडीत चढल्यावर माणसाच्या हातात काहीच उरत नाही आणि हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. घरी येऊन आधी बघून जा, लिहून द्या, त्याच्यावर गेलं तर जास्तीत जास्त दहा टक्के वाढेल असं ठरवा, हे काही अवघड नाही. मंगल कार्यालयवाला सुद्धा ताटांचा आकडा लिहून घेतो.

नंतर कागद मेलवर आला तो मुलाने प्रिंट काढून आणला आणि मी दोन संध्याकाळ बसून वाचला, सगळा इंग्रजीत. त्यात निघालं की दर वर्षी भाडं १० टक्के वाढणार. सामान बघायला जायचं तर ४८ तास आधी कळवायचं. मधेच एखादी वस्तू काढून घ्यायची तर २,५०० रुपये अधिक जीएसटी, मग ती वस्तू सुई असो की सोफा. नुकसान झालं तर एका नगामागे जास्तीत जास्त १,००० रुपये, आणि ओल, बुरशी, वाळवी, उंदीर यांनी झालेलं नुकसान त्यात धरलेलंच नाही. अहो मुंबईच्या पावसात गोडाऊनमधल्या सामानाला दुसरं होणार काय? आणि सगळ्यात खाली, सलग ३ महिने पैसे थकले तर नोटीस देऊन माल विकायचा हक्क त्यांचा. ते वाचून माझ्या पोटात गोळा आला, कारण आमचं घरभाडं बिल्डरच्या चेकवर आहे, तो थकला की गोडाऊनचे पैसे आधी घरभाड्यात जाणार, आणि बिल्डरांनी भाडं थकवल्याच्या बातम्या तर तुम्हीच छापता. झोपडपट्टीच्या योजनेत इतकं थकायला लागलं की एसआरएला, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाला, दोन वर्षांचं भाडं बिल्डरकडून आगाऊ भरून घ्यायचा नियम करावा लागला. आमच्यासारख्या सोसायट्यांना तेवढं पण नाही.

गणपतीच्या आधी चौरंग, समया आणि मखराची पेटी काढायला हे आणि मी स्वतः गेलो होतो. वस्तू फोनवर मागवता आली असती पण मला सामान कसं ठेवलंय ते बघायचं होतं. गोडाऊन भिवंडीला, माणकोलीवरून आत. तो सगळा भागच गोडाऊनचा आहे, मैलभर नुसते पत्र्याचे शेड. हे सांगत होते की मुंबईत जकात होती तेव्हा व्यापारी माल शहराच्या वेशीबाहेर उतरवून ठेवायचे आणि लागेल तसा आत आणायचे, त्यातून भिवंडी वाढली. जकात तर १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यावर गेली पण गोडाऊन कमी झाली नाहीत, उलट ऑनलाइन खरेदीवाल्या मोठ्या कंपन्या तिथेच आल्या, आणि त्या जागा घेतात लाख-लाख फुटांच्या हिशोबात. त्यांच्या बाजूला आमचे साडेआठ पॅलेट. आमच्यासारख्या गिऱ्हाइकाची तिथे काय पत्रास असणार ते शेडच्या दारातच कळलं, ४० मिनिटं आम्हाला ट्रकच्या धुरात उभं केलं होतं.

आत गेलो. उंच शेड, लोखंडी रॅक, एकावर एक तीन पॅलेट. आमचं सामान मधल्या आणि वरच्या मजल्यावर. पोराने फोर्कलिफ्टने एकेक खाली घेतलं. गुंडाळलेल्या प्लास्टिकच्या आतल्या बाजूने पाण्याचे थेंब धरले होते, भाताच्या कुकरच्या झाकणाला धरतात ना अगदी तसे. मी तिथेच नखाने प्लास्टिक फाडलं. सासऱ्यांचे दिवाळी अंक, १९७० च्या आसपासपासून जपलेले, सुतळीने वर्षावार बांधलेले, त्यातले खालचे दोन गठ्ठे एकसंध झाले होते, पान वेगळं करायला गेलं की वरचा थर हातात यायचा. लाकडी कपाटाच्या पाठीला पांढरी बुरशी. देव्हारा शिसवी आहे म्हणून वाचला. तांब्या-पितळेला काही झालं नव्हतं, फक्त काळवंडलं होतं, ते चिंचेने निघेल. सासूबाईंच्या लग्नातल्या पितळी घागरीवर त्यांच्या मामांनी नाव घातलंय, टिकल्या-टिकल्यांनी ठोकून, मामांचं नाव, गाव आणि लग्नाची तारीख, त्याच्यावर बरोब्बर नंबरचं स्टिकर चिकटवलेलं. मी ते काढायला लागले तर पोरगा म्हणाला काकू काढू नका, नंबर गेला तर नग हरवेल. मी नाही काढलं. घरी आल्यावर सासूबाईंनी विचारलं, घागर बघितलीस का, मी म्हटलं हो, छान आहे. दिवाळी अंकांचं मात्र अजून सांगितलेलं नाही.

आणि पॅलेट मी मोजले. आठ होते. साडेआठवा अर्धा कुठला विचारलं तर म्हणे पलंगाच्या फळ्या लांब आहेत, त्या उभ्या वेगळ्या ठेवल्यात. असेल. पण हे मला सामान नेताना दाखवलं असतं तर मी शंका घेतली नसती.

तिथून येताना टेम्पोत बसून मी एक हिशोब केला तो तुमच्या वाचकांपुढे ठेवते. एक पॅलेट १६ चौरस फूट, भाडं ६००, म्हणजे फुटाला साडेसदतीस रुपये. पण एकावर एक तीन ठेवतात, म्हणजे खालच्या जमिनीच्या त्याच एका फुटावर त्यांना ११२ रुपये मिळतात. मुलुंडमध्ये आम्ही राहतो त्या घराला, जिथे पाणी आहे, लाइट आहे, खिडकी आहे, लिफ्ट आहे, त्याला आम्ही फुटाला ७८ रुपये देतो. भिवंडीच्या पत्र्याखाली ११२. हे मान्य आहे की मधे फोर्कलिफ्टला रस्ता सोडावा लागतो, रॅक उभे करावे लागतात, वॉचमन, कॅमेरे, माणसांचे पगार, आणि सगळी जागा कायम भरलेली नसते. त्यांनी पैसे कमवू नयेत असं मी म्हणत नाही. पण एवढे घेतल्यावर ओल येणार नाही एवढी तरी हमी द्यावी, ती जबाबदारी कागदावर आमच्याच डोक्यावर ढकलू नये.

मुलाने शोधून काढलं की आपल्या कराराच्या कायद्यात, १८७२ चा आहे तो, कलम १५१ मध्ये स्पष्ट आहे की दुसऱ्याची वस्तू सांभाळायला घेतली की साधारण शहाणा माणूस स्वतःच्या तशाच वस्तूची जेवढी काळजी घेईल तेवढी घ्यायलाच पाहिजे. दीडशे वर्षांपूर्वी लिहिलेलं वाक्य, इतकं सरळ. मुख्यतः शेतमालाच्या गोडाऊनसाठी वापरला जाणारा २००७ चा वेगळा कायदा आहे, त्याचं प्राधिकरण आहे, गोडाऊनची नोंदणी होते, पावतीवर बँक कर्ज देते. घरच्या सामानाच्या गोडाऊनला असं कोणी विचारणारं मला तरी दिसलं नाही. ग्राहक आयोग आहे, २०१९ च्या कायद्यात एकतर्फी करारांवर सुद्धा दाद मागता येते, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, वकील नसला तरी चालतो. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर फोन करून मी तक्रार नोंदवली आहे, बघू. पण तिथे जायचं म्हणजे नुकसान आधी होऊन गेलेलं असतं. भिजलेले अंक काही आयोग परत देऊ शकत नाही.

आता पैशांचा पूर्ण हिशोब सांगते कारण त्याशिवाय हे किती मोठं प्रकरण आहे ते कळत नाही. पहिल्या वर्षाचे ७२,२१६. दुसरं वर्ष लागलं, १० टक्के वाढले, आता महिना ६,६२०, त्याचे दोन महिने. नेण्याचे १३,५७०. गणपतीत काढून आणायचे २,९५० आणि टेम्पो १,८००. आजपर्यंत १ लाख ३ हजारच्या वर गेलेत. बिल्डरने जाण्या-येण्याचं शिफ्टिंग मिळून ३०,००० दिले, त्यातले गोडाऊनला न्यायचे १३,५७० आणि भाड्याच्या घरी न्यायच्या टेम्पोचे ९,००० जाऊन परत यायला ७,४३० शिल्लक आहेत. करारात ३० महिने अधिक ६ महिने सवलत असं आहे, म्हणजे धरून चाला ३६. तीन वर्षांचं गोडाऊन भाडं वाढीसकट २ लाख ३९ हजार, आणायचे-न्यायचे धरून २ लाख ६६ हजार. हे सगळं वेळेत झालं तर. पायलिंग, म्हणजे पायाचं काम, आत्ता कुठे संपतंय.

यावर सगळे एकच सांगतात, विकून टाका. जुन्या बाजाराचा एक माणूस सामान जायच्या आधी बोलावला होता, तो सगळ्याचे मिळून ३८,००० देत होता. म्हणजे सहा महिन्यांचं गोडाऊन भाडं. हिशोबाने बघितलं तर विकणंच बरोबर होतं, आणि मी प्रामाणिकपणे सांगते, निम्मं नाही पण तिसरा हिस्सा सामान आम्ही उगाच ठेवलंय. गाद्या ठेवायलाच नको होत्या, कापूस ओल धरतो, त्या आता फेकाव्याच लागतील. जास्तीच्या प्लास्टिकच्या खुर्च्या, जुना मिक्सर, डबे, हे तेव्हाच कोणाला तरी द्यायला हवं होतं. पण शेवटच्या महिन्यात पोलीस व्हेरिफिकेशन, भाडेकरार, गॅस सरेंडर, शाळा-बँकेचे पत्ते, सासूबाईंची औषधं, यातून एकेक वस्तू हातात घेऊन ठेवायची का द्यायची हे ठरवायला बळ उरत नाही. आणि राहिलेलं सामान विकलं तर नवीन घरात जाताना पलंग, कपाट, फ्रीज सगळं परत घ्यायचं, त्याचे दीड-दोन लाख कुठून आणणार, तेव्हा आमच्या दोघांची पण पेन्शनच असेल. देव्हारा आणि घागर तर विकायचा प्रश्नच नाही. घरातलं सामान म्हणजे नुसतं लाकूड-लोखंड नसतं, पण ते बाजूला ठेवलं तरी नुसत्या पैशात सुद्धा दोन्हीकडून आम्हीच मरतो.

म्हणून माझं मुख्य म्हणणं. भाव वाढले म्हणून रडायला मी हे पत्र लिहीत नाहीये. ज्या दिवशी करार झाला त्या दिवशी सामान हा विषय आम्ही काढलाच नाही. सभेत पाच-पाच तास बसलो, सहकार कायद्यातल्या ७९अ च्या नियमाप्रमाणे रजिस्ट्रार ऑफिसचा माणूस होता, व्हिडिओ शूटिंग होतं, पार्किंगवरून भांडणं झाली, कोणता मजला कोणाला, खिडकी कुठे, टाइल्स कुठल्या, नळ कुठल्या कंपनीचे. भाड्यावर तर तीन सभा गेल्या. ६२ चे ६५ करून घेतले तेव्हा टाळ्या वाजल्या. पण ते ६५ माणसांच्या जागेचे. ४२५ फुटांतलं सामान कुठे जाणार, एकाने पण विचारलं नाही, मी पण नाही, आणि मी पहिल्या रांगेत बसले होते. सरकारचे याच ७९अ खालचे ४ जुलै २०१९ चे जे निर्देश आहेत त्यात सुद्धा ५१ टक्के संमती, निविदा, बँक गॅरंटी, पर्यायी जागा किंवा भाडं, एवढ्या गोष्टींचा विचार आहे. त्या यादीत सामान साठवण्याचा खर्च अशी एक ओळ घालायला सहकार खात्याला काय अडचण आहे?

बिल्डर म्हणतात भाडं दिलं की त्यात सगळं आलं. नाही येत. मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये टीडीएसच्या, म्हणजे पैसे देतानाच कापायच्या आयकराच्या, एका प्रकरणात सांगितलंय की हे ट्रान्झिट रेंट, म्हणजे नवीन घर मिळेपर्यंत बिल्डर देतो ते भाडं, उत्पन्न नव्हे, घर सोडावं लागल्याने माणसाला जो त्रास होतो त्यापोटी दिलेली ती रक्कम आहे, म्हणून त्यावर टीडीएस कापायचा नाही. मग त्रासापोटी असेल तर त्रास मोजताना पूर्ण मोजा ना. सामान बाहेर ठेवावं लागणं हा त्याच त्रासाचा भाग आहे, आमच्या हौसेने आम्ही ते भिवंडीला पाठवलेलं नाही.

काय करता येईल ते पण सांगते, नुसती तक्रार नको. आमच्याच बिल्डिंगमधल्या सात घरांनी जे केलं ते आम्हाला उशिरा कळलं. त्यांनी मिळून ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये तळमजल्यावरचा नव्हे तर पहिल्या मजल्यावरचा २५० फुटांचा गाळा घेतला, रीतसर रजिस्टर करार करून, महिना १४,०००, म्हणजे घरटी २,०००. आत लोखंडी मांडण्या लावल्या, जमिनीपासून फूटभर वर, दोन कुलपं आणि चाव्या दोन वेगवेगळ्या घरांत, आलटून पालटून दर पंधरा दिवसांनी कोणीतरी जाऊन दार उघडून वारा देतं. पेस्ट कंट्रोल वर्षातून दोनदा. त्यांच्यात पण कुरबुरी आहेतच, एकाचं सामान जास्त, एकाचं कमी, उंदरांनी एक सोफा खाल्ला, पण सोमवारी वाटलं तर सोमवारी जाऊन आपली वस्तू आणता येते आणि त्याचे २,९५० लागत नाहीत. सात घरांना जमतं तर ३६ घरांच्या सोसायटीला मिळून असा एखादा मोठा गाळा बिल्डरकडूनच घ्यायला लावता येईल, किंवा घरटी महिन्याला ठराविक रक्कम, भाड्याच्या चेकबरोबरच, दर वर्षी वाढणारी, आणि काम लांबलं तर ताबा मिळेपर्यंत चालू राहणारी. ३६ घरांना प्रत्येकी २,५०० म्हणजे महिन्याला ९०,०००. ज्या प्रकल्पात वरचे मजले विकून कोट्यवधी मिळणार त्यात ही रक्कम मागायला लाजायचं कारण नाही. पण ती सही करायच्या आधी मागायची. सही झाल्यावर आम्ही मागितली तर आमच्या चेअरमननाच ऐकून घ्यावं लागलं की आता हे कुठून काढलंत.

आणि गोडाऊनवाल्यांसाठी सरकारने एवढं तरी करावं की दरपत्रक मराठीत, एका पानावर, जीएसटी धरून, सामान उचलायच्या निदान आठ दिवस आधी हातात पडलं पाहिजे. वर्षाची वाढ किती, मधे बघायला आलं तर किती, एक वस्तू काढली तर किती, परत आणायचे किती, नुकसान झालं तर काय मिळणार. रेशनच्या दुकानात फळा असतो, हॉटेलात मेनू असतो, इथे माणूस आख्खं घर देऊन टाकतो आणि त्याला आकडा टेम्पोच्या मागे उभं राहून कळतो.

ज्यांना आत्ताच सामान ठेवायचंय त्यांना एवढंच सांगेन की कागद, कापूस आणि प्लायवूड शक्यतो देऊ नका, ते नातेवाईकांकडे ठेवा नाहीतर देऊन टाका. फ्रीज दोन दिवस उघडा ठेवून पूर्ण कोरडा करा. प्रत्येक नगाचा फोटो काढा, प्लास्टिक गुंडाळायच्या आधी आणि नंतर, तारखेसकट. घराचा विमा असेल तर कंपनीला पत्ता बदलल्याचं आणि सामान कुठे ठेवलंय ते लेखी कळवा, कारण पॉलिसीवर जो पत्ता असतो त्याच जागेतलं सामान ती साधारण धरते. आणि पावसाळ्यात एकदा तरी स्वतः जाऊन बघा, पैसे मागितले तरी जा.

हे पत्र घाईने लिहायचं कारण म्हणजे आमच्या मागच्या गल्लीतल्या सोसायटीची बिल्डरबरोबर कराराची शेवटची सभा येत्या रविवारी आहे. तिथे ५२ घरं आहेत, बरेचसे लोक आमच्या ओळखीचे, निम्मे तरी सत्तरीच्या पुढचे, घरात चाळीस-पन्नास वर्षांचं सामान. मी त्यातल्या चार-पाच जणांना स्वतः जाऊन सांगितलंय, पण सभेत एका बाईने सांगितलेलं वेगळं आणि पेपरात छापून आलेलं कात्रण हातात धरून उभं राहिलेलं वेगळं. म्हणून शनिवारच्या अंकात जागा मिळाली तर बघा, लांब वाटलं तर गोडाऊनच्या वर्णनाचा भाग कापा, पण हिशोबाचे आकडे तसेच राहू द्या.

आपली नेहमीची वाचक,
मुलुंड पूर्व